टेंडन भरून येताना दाह दाबावा की चालू द्यावा? प्रतिकारक पेशींचा हिशोब

कातळफूल (धागाकर्ती)

टेंडन, पुस्तकी मराठीत कंडरा, म्हणजे स्नायूची ओढ हाडापर्यंत पोचवणारा दोर. त्यातलं पाणी वजा केलं तर उरलेल्या वजनात साधारण ६० ते ८५ टक्के कोलॅजनच असतं, तेही मुख्यतः पहिल्या प्रकारचं. पेशी कमी, रक्तवाहिन्या त्याहून कमी. त्यामुळे तो तुटला की भरून यायला महिने लागतात, आणि भरून आला तरी पूर्वीसारखा होत नाही.

अशा वेळी दोन सल्ले हमखास मिळतात. एक, दाह वाईट, पहिल्या दिवसापासून गोळी सुरू करा. दुसरा, दाह नैसर्गिक आहे, औषधाला हातच लावू नका. दोन्हींमध्ये न्यूट्रोफिल, मॅक्रोफेज, टी पेशी या प्रतिकारक (पांढऱ्या) पेशींचा पत्ताच नसतो. कोणती पेशी कधी येते, काय करते आणि वेळेवर गेली नाही तर काय बिघडतं, हे इथे एकत्र करू या.

एकच विनंती. अचानक तुटलेला टेंडन आणि महिनोन्महिने दुखणारा टेंडन हे वेगळे विषय आहेत. आपण कशाबद्दल बोलतोय ते प्रतिसादात लिहा, नाहीतर गोंधळ होतो.

---

पेशीनामा

तुटलेल्या टेंडनपासून सुरुवात करतो.

इजा झाल्याबरोबर रक्त साकळतं. गुठळीतल्या प्लेटलेट पीडीजीएफ आणि टीजीएफ-बीटा ही वाढीचा निरोप देणारी प्रथिनं सोडतात. फाटलेल्या पेशींमधून एटीपी, एचएमजीबी-१, आयएल-३३ असा एरवी पेशीच्या आतच राहणारा ऐवज बाहेर सांडतो. प्रतिकारक पेशींना बोलावणं जातं ते या सांडलेल्या मालामुळे. जंतू नसले तरी जे घडतं ते जवळपास जंतुसंसर्गासारखंच.

पहिले येतात न्यूट्रोफिल. काही तासांत पोचतात, पहिल्या दिवसाच्या आसपास सर्वाधिक असतात. त्यांची हत्यारं बोथट आहेत: ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू, आणि इलॅस्टेज, एमएमपी-८, एमएमपी-९ ही प्रथिनं कापणारी विकरं. यातलं काहीही तुटलेलं कोलॅजन आणि शेजारचं धड कोलॅजन यांत फरक करत नाही. म्हणून न्यूट्रोफिल लवकर येणं जितकं गरजेचं, तितकंच लवकर मरणंही.

मग रक्तातले मोनोसाइट येतात (सीसीआर-२ या ग्राहीच्या वाटेने) आणि ऊतीत शिरून मॅक्रोफेज बनतात. ते आयएल-१ बीटा, टीएनएफ-अल्फा हे दाह वाढवणारे निरोप सोडतात, मलबा खातात आणि मेलेले न्यूट्रोफिलही खातात. सगळ्या गोष्टीचा काटा इथे फिरतो. व्यवस्थित मेलेला न्यूट्रोफिल गिळल्यावर मॅक्रोफेजचं वागणं बदलतं आणि तो आयएल-१० व टीजीएफ-बीटा सोडू लागतो. म्हणजे दाह थांबवण्याचा निरोप दाहाच्याच कचऱ्यातून मिळतो. न्यूट्रोफिल वेळेत गिळले गेले नाहीत तर ते फुटतात, आतली विकरं बाहेर येतात आणि चक्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

त्यानंतर तंतुपेशी वाढतात आणि आधी तिसऱ्या प्रकारचं कोलॅजन घाईघाईने घालतात: बारीक, विस्कळीत, कमकुवत. साधारण सहा आठवड्यांनंतर त्याच्या जागी हळूहळू पहिल्या प्रकारचं येऊ लागतं. हे काम वर्षभर किंवा त्याहूनही जास्त चालतं.

टी पेशी थोड्या उशिरा वाढतात. त्यांच्याबद्दल वेगळं लिहितो.

---

ओलीपट्टी

माहितीपूर्ण. पण मग बर्फ लावायचा की नाही? न्यूट्रोफिल हवे असतील तर बर्फ लावणं चुकीचं नाही का?

---

सांधेसूत्र

@ओलीपट्टी, बर्फ ठणका कमी करण्यासाठी. १० ते १५ मिनिटं, मध्ये कापड ठेवून, त्वचा बधिर होण्याआधी काढायचा. तेवढ्याने खोल टेंडनमधल्या पेशींचं येणं बंद होईल असं धरून चालू नका. बर्फाचं आणि गोळीचं पारडं एक नाही. गोळी रक्तातून जखमेपर्यंत पोचते आणि प्रोस्टाग्लँडिन (दाह आणि ठणका वाढवणारे रेणू) बनणंच रोखते.

---

तंतुवाद

पेशीनामा यांचं वेळापत्रक बरोबर आहे, पण यापुढे कोणीतरी 'एम-१ वाईट, एम-२ चांगले' असं लिहिणारच, म्हणून आधीच आडवा येतो.

एम-१ आणि एम-२ ही नावं प्रयोगशाळेच्या ताटलीत वाढवलेल्या मॅक्रोफेजवरून आली. इंटरफेरॉन-गॅमा आणि जिवाणूचं लिपोपॉलिसॅकराइड घातलं की एक टोक (एम-१, दाह वाढवणारं), आयएल-४ किंवा आयएल-१३ घातलं की दुसरं टोक (एम-२, दाह आवरणारं). जखमेत या गोष्टी वेगवेगळ्या बाटल्यांतून येत नाहीत. तिथला मॅक्रोफेज एकाच वेळी दोन्हीकडच्या खुणा दाखवतो. नाव सोयीसाठी वापरा, पण ती जात समजू नका.

आणि एम-२ कायम हितकारक असतात हेही खरं नाही. टीजीएफ-बीटा जास्त काळ सुटत राहिलं तर मायोफायब्रोब्लास्ट (आकसणाऱ्या, व्रण घालणाऱ्या पेशी) टिकून राहतात आणि व्रण जाड होतो. बोटाच्या वाकवणाऱ्या टेंडनमध्ये याच जाड व्रणाने टेंडन म्यानाला चिकटतो. दाह संपला म्हणजे भरणं चांगलं झालं, असा अर्थ काढू नये.

आता आकडे असलेलं एक उदाहरण. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४८ रॅटचा अकिलीस (टाचेमागचा) टेंडन कापला. निम्म्यांच्या पोटरीत बोटॉक्स देऊन स्नायू ढिला केला, म्हणजे टेंडनवरचा भार कमी. मग भरून येणाऱ्या ऊतीतल्या पेशी फ्लो सायटोमेट्रीने (पेशींना रंगीत खुणा लावून एकेक मोजण्याची पद्धत) मोजल्या. भार असलेल्या गटात पहिल्या दिवशी ८३ टक्के पेशी पांढऱ्या पेशी होत्या, दहाव्या दिवशी २३ टक्के. एम-१ आणि एम-२ यांचं गुणोत्तर तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त.

गंमत पुढे आहे. भार असलेल्या गटात पाचव्या दिवशीही हे गुणोत्तर बोटॉक्सवाल्यांपेक्षा वर होतं आणि दाह आवरणाऱ्या नियामक टी पेशींचं प्रमाण कमी होतं. म्हणजे भारामुळे 'वाईट' टप्पा लांबला. आणि या प्रयोगपद्धतीत भार घेणारा टेंडन जास्त मोठा आणि जास्त मजबूत होतो हे आधीपासून माहीत आहे. आता एम-१ ला खलनायक कसं म्हणणार?

---

कातळफूल

@तंतुवाद, हे अनपेक्षित आहे. मग मॅक्रोफेज पूर्ण काढून टाकले तर काय होतं?

---

तंतुवाद

क्लोड्रोनेट हे औषध भरलेले लिपोसोम (चरबीचे सूक्ष्म फुगे) देऊन मॅक्रोफेज मारतात. मॅक्रोफेज ते गिळतो आणि मरतो, पद्धत तेवढीच. पण निकाल जागेवर अवलंबून आहेत. रॅटच्या गुडघ्यात हाडाच्या बोगद्यात टेंडनचं कलम बसवलं आणि मॅक्रोफेज काढले, तर टेंडन आणि हाड यांचा जोड अधिक चांगला झाला. उलट गुडघ्याच्या बाजूच्या अस्थिबंधात सुरुवातीलाच मॅक्रोफेज कमी केले तर नवी आधारऊती बनायलाच उशीर झाला.

एकीकडे कलम आधीच मजबूत असतं, व्रण नको असतो. दुसरीकडे दोन टोकांमध्ये खड्डा असतो, तो भरायला माणसं लागतात. खड्डा असेल तर मॅक्रोफेज मारणं महागात पडतं.

---

रसायनी

औषधांचा भाग मी घेते. हेही अचानक तुटलेल्या टेंडनबद्दल.

२००४ चा पॅरेकॉक्सिबचा प्रयोग. हे सीओएक्स-२ (प्रोस्टाग्लँडिन बनवणारं विकर) रोखणारं औषध आहे. रॅटचा अकिलीस कापून पहिल्या काही दिवसांत दिलं तर टेंडन कमकुवत भरला. तेच औषध सुमारे सहाव्या दिवसानंतर दिलं तर पुढची घडण उलट सुधारली. औषध आणि प्राणी तेच, बदलला फक्त दिवस.

२०१७ मध्ये डेक्सामेथासोन या स्टेरॉइडवर याच धर्तीचा अभ्यास झाला आणि तो आणखी बोलका आहे. ३६ रॅटना ० ते ४ दिवसांत डेक्सामेथासोन किंवा मिठाचं पाणी. सातव्या दिवशी डेक्सामेथासोनवाल्यांमध्ये टेंडनची जाडी, तुटेपर्यंत सोसलेला जोर आणि ताठरपणा, तिन्ही निम्म्याहून कमी. दुसऱ्या ५४ रॅटना ५ ते ९ दिवसांत दिलं आणि बाराव्या दिवशी मोजलं. तुटेपर्यंतचा जोर ३९ टक्क्यांनी जास्त, ताठरपणा ५८ टक्क्यांनी जास्त, आणि जाडी ४२ टक्क्यांनी कमी. म्हणजे कमी मालात जास्त ताकद. कोलॅजनचे तंतूही अधिक सरळ लागले आणि सीडी-८ (पेशी मारणाऱ्या) टी पेशी घटल्या.

यावरून धडा असा की पहिल्या टप्प्यातला दाह माल आणून टाकतो, त्याला हात लावू नये. दुसऱ्या टप्प्यात रेंगाळलेला दाह रचनेत लुडबुड करतो, तो कमी झालेला बरा.

पण एक इशारा. रॅटचा सातवा दिवस म्हणजे माणसाचा सातवा दिवस नव्हे. रॅटचा अकिलीस काही आठवड्यांत बराच जोर घेऊ लागतो, माणसाला महिने लागतात. हे आकडे वाचून कोणी दुसऱ्या आठवड्यात स्टेरॉइड सुरू करू नये. टेंडनमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन तर वेगळंच प्रकरण आहे.

---

ओलीपट्टी

मग पहिल्या आठवड्यात दुखण्यावर काय घ्यायचं?

---

रसायनी

पॅरासिटामॉल हा सरळ पर्याय. ते ऊतीतला दाह जवळपास दाबत नाही. प्रौढ निरोगी व्यक्तीला २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा दारूचं सेवन असेल तर मर्यादा आणखी खाली, आणि ती डॉक्टरांनी ठरवायची. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते मोजायचं राहून जातं आणि तिथेच चूक होते.

आयबुप्रोफेन एक-दोनदा घेतलं म्हणून टेंडन कायमचा बिघडेल, इतकं घाबरायचं कारण नाही. अडचण आहे ती पहिला आठवडाभर घड्याळ लावून दर आठ तासांनी घेण्याची.

रच्याकने, आधीच हृदयासाठी कमी मात्रेत ॲस्पिरिन चालू असेल तर या धाग्यावरून ते बंद करू नका.

---

पेशीनामा

टी पेशींचं राहिलं होतं. नियामक टी पेशी (सीडी-२५, फॉक्सपी-३) दाह आवरतात. सीडी-८ पेशी उशिरापर्यंत रेंगाळल्या तर रचना बिघडवतात, हे रसायनी यांनी दिलेल्या प्रयोगाशी जुळतं.

याची सगळ्यात चांगली साक्ष पिल्लांमध्ये मिळते. नुकत्याच जन्मलेल्या माऊसचा टेंडन कापला तर तो खरोखर नव्याने तयार होतो आणि भार घेण्याच्या लायकीचा होतो. प्रौढ माऊसमध्ये त्याच जागी व्रण राहतो. पिल्लांच्या या भरण्यात नियामक टी पेशींचा हात आहे. त्या काढल्या तर मॅक्रोफेजचं वळणही बदलतं. (मराठीत रॅट आणि माऊस दोघेही उंदीरच, पण वाचताना कोणता ते बघा. अकिलीसच्या प्रयोगांत मोजमाप बहुधा रॅटवर असतं, जनुकांचे खेळ माऊसवर.)

---

सांधेसूत्र

आता दुसऱ्या विषयाकडे: महिनोन्महिने दुखणारा टेंडन. अकिलीसचा मधला भाग, गुडघ्याच्या वाटीखालचा टेंडन, खांद्यातला सुप्रास्पायनेटस, कोपराची बाहेरची बाजू.

मध्यंतरी बरीच वर्षं सांगितलं जायचं की इथे दाह नाहीच, नुसती झीज आहे, म्हणून 'टेंडिनायटिस' म्हणू नका, 'टेंडिनोसिस' म्हणा. कारण उघड होतं. जे नमुने तपासले जायचे ते ऑपरेशनच्या वेळी काढलेले, म्हणजे आजाराच्या शेवटच्या टप्प्यातले. तिथे न्यूट्रोफिल दिसत नव्हते.

२०१० मध्ये एका गटाने हुशारीने नमुने घेतले. खांद्याचा सुप्रास्पायनेटस फाटलेल्या रुग्णांचं ऑपरेशन चालू असताना त्याच खांद्यातल्या, अजून न फाटलेल्या सबस्कॅप्युलॅरिस या टेंडनचाही तुकडा घेतला. तो दुखणं सुरू होण्याच्या टप्प्याचा नमुना धरला. त्यात फाटलेल्या टेंडनपेक्षा मॅक्रोफेज, मास्ट पेशी आणि टी पेशी जास्त होत्या. म्हणजे दाह होता, फक्त बघणारे उशिरा पोचत होते.

मास्ट पेशी इथे विशेष आहेत. त्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतूंच्या अगदी जवळ बसतात. मज्जातंतूंनी सबस्टन्स-पी सोडलं की त्या ट्रिप्टेज, हिस्टामिन ओततात. दुखणं, नव्या रक्तवाहिन्या आणि मास्ट पेशी एकाच ठिकाणी सापडतात हा योगायोग नाही.

---

तंतुवाद

+१. यात एक भर. जुन्या दुखण्यात प्रतिकारक पेशी निघून गेल्या तरी टेंडनच्या स्वतःच्या तंतुपेशी 'चेतलेल्या' राहतात. दुखणं थांबलेल्या रुग्णांच्या ऊतीतही पोडोप्लॅनिन आणि सीडी-१०६ या चेतल्याच्या खुणा सापडल्या आहेत. अशा पेशी पुढच्या किरकोळ इजेलाही जोरात प्रतिसाद देतात. वेदना गेली म्हणून भार एकदम वाढवला की दुखणं परत का येतं, याचं एक कारण हे.

आयएल-३३ चंही इथेच सांगतो. इजा झालेल्या टेंडन पेशीतून ते सुटतं आणि तिसऱ्या प्रकारच्या कोलॅजनचं उत्पादन वाढतं. त्याला लगाम घालणारा मायक्रो-आरएनए २९-ए त्याच वेळी घटलेला असतो. दोन्ही बाजूंनी कमकुवत कोलॅजनकडेच ढकलणी.

---

सांधेसूत्र

स्टेरॉइडच्या इंजेक्शनचा मुद्दा इथे येतो. कोपराच्या बाहेरच्या दुखण्यावर २०१३ मध्ये १६५ जणांवर झालेली चाचणी बघा. एकच इंजेक्शन, स्टेरॉइडचं किंवा फसवं (औषध नसलेलं). वर्षभरानंतर पूर्ण किंवा बऱ्यापैकी बरे: स्टेरॉइडवाले ८३ टक्के, फसवं घेतलेले ९६ टक्के. दुखणं उलटलं: ५४ टक्के विरुद्ध १२ टक्के.

पहिले काही आठवडे स्टेरॉइडने खूप आराम पडतो, म्हणूनच ते लोकप्रिय आहे. पण आराम पडतो तेव्हाच तंतुपेशींचं कोलॅजन बनवणंही मंदावतं, आणि दुखत नाही म्हणून माणूस भार वाढवतो. अकिलीस आणि वाटीखालच्या टेंडनमध्ये थेट इंजेक्शन देऊ नये ते यासाठी. तुटण्याचा धोका असतो.

मग करायचं काय? भार, पण मोजून. अकिलीसच्या मधल्या भागासाठी १९९८ पासून वापरात असलेला कार्यक्रम: पायरीच्या कडेवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायची, १५ वेळा, ३ फेऱ्या, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून. वर येताना दुसऱ्या पायाचा आधार. थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळचा आखडलेपणा वाढला तर मात्र भार जास्त झाला असं समजायचं. टाचेच्या हाडाला चिकटतो तिथे दुखत असेल तर टाच पायरीच्या खाली जाऊ द्यायची नाही, सपाट जमिनीवरच थांबायचं. खाली गेल्यावर टेंडन हाडावर दाबला जातो आणि दुखणं वाढतं.

---

कातळफूल

पीआरपीबद्दल (रुग्णाच्याच रक्तातून काढलेलं, प्लेटलेट भरपूर असलेलं इंजेक्शन) कोणी सांगेल का? त्यात पांढऱ्या पेशी असतात ना?

---

रसायनी

दोन प्रकार आहेत: पांढऱ्या पेशी भरपूर असलेलं आणि जवळपास नसलेलं. रक्त किती वेगाने फिरवलं आणि प्लेटलेटच्या थराखालचा पांढुरका थर उचलला की टाळला, यावर ते ठरतं. पांढऱ्या पेशी आल्या की सोबत आयएल-१ बीटा आणि एमएमपीही येतात, म्हणजे आपणच न्यूट्रोफिल आत सोडतो. काहींच्या मते जुन्या, थिजलेल्या टेंडनला तेच हवं असतं. तर्क चुकीचा नाही, पण चाचण्या साथ देत नाहीत.

२०२१ मध्ये अकिलीसच्या मधल्या भागाच्या दुखण्यावर २४० जणांची चाचणी झाली. सहा महिन्यांनंतर पीआरपी आणि फसवं इंजेक्शन यांत फरक नाही. त्याआधी २०१९ मध्ये तुटलेल्या अकिलीसवर २३० जणांची झाली, तिथेही फायदा नाही.

---

म्यानबंद

हाताच्या बोटांच्या टेंडनबद्दल कोणी लिहिलं नाही. प्रतिकारक पेशींमुळे सर्वाधिक नुकसान तिथे होतं.

बोट वाकवणाऱ्या टेंडनला म्यान असतं आणि तो त्यात सरकायला हवा. दुसऱ्या झोनमध्ये (तळव्याकडच्या पहिल्या कप्पीपासून बोटाच्या मधल्या हाडापर्यंत) एकाच म्यानात दोन टेंडन असतात. भरण्याच्या वाटा दोन. एक आतली: टेंडनच्या स्वतःच्या आणि वरच्या आवरणाच्या पेशी. दुसरी बाहेरची: म्यान आणि आजूबाजूच्या ऊतीतून येणारे मॅक्रोफेज आणि तंतुपेशी. बाहेरची वाट जलद, पण टेंडन म्यानाला शिवून टाकते. टाके घट्ट असूनही बोट वाकत नाही ते त्यामुळे.

म्हणून सगळी धडपड बाहेरची वाट अरुंद ठेवण्याची. गाभ्याचे टाके ३-० किंवा ४-० धाग्याने, किमान चार पदरी. कापलेल्या टोकापासून साधारण ७ ते १० मिलिमीटर आत घेतलेले. कडेने ६-० चा बारीक टाका, म्हणजे टोकं बाहेर उमलत नाहीत आणि म्यानाला घासत नाहीत. टेंडनचा पृष्ठभाग चिमट्याने पकडायचा नाही, फक्त कापलेलं टोक पकडायचं. चिमट्याचा प्रत्येक ओरखडा म्हणजे पेशींना नवं आमंत्रण.

हालचाल तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास, सूज थोडी उतरल्यावर. त्याआधी सूज स्वतःच अडथळा करते आणि टाक्यावर ताण वाढतो. खूप उशीर केला तर चिकटणं सुरू झालेलं असतं. शिवाय पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात टोकं मऊ पडतात आणि टाक्याची पकड सैल होते. विकरं मृत कोलॅजन खात असतात ना, तो हाच परिणाम. याच दिवसांत टोकांमध्ये फट पडते. कुत्र्यांवरच्या अभ्यासात ३ मिलिमीटरपेक्षा मोठी फट पडलेल्या टेंडनची ताकद पुढच्या आठवड्यांत वाढलीच नाही. छोटी फट असलेल्यांची वाढली.

---

पेशीनामा

@म्यानबंद, उत्तम. चिमट्याचा मुद्दा पुस्तकांत एका ओळीत उरकतात.

अकिलीस तुटल्यावर ऑपरेशन की नाही, याबाबत २०२२ च्या चाचणीत ५५४ जण होते. वर्षभरानंतर पायाच्या कामात फरक नव्हता. पण पुन्हा तुटण्याचं प्रमाण ऑपरेशन न केलेल्यांत ६.२ टक्के आणि ऑपरेशनच्या दोन्ही पद्धतींत ०.६ टक्के. उलट बाजूने, मज्जातंतूला इजा होण्याचं प्रमाण ऑपरेशनवाल्यांत जास्त.

---

नमुनेदार

प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी लिहितो, कारण टेंडनमधल्या प्रतिकारक पेशी मोजताना होणाऱ्या चुका सगळीकडे त्याच असतात.

फ्लो सायटोमेट्रीसाठी: प्राणी मेल्याबरोबर हृदयातून फॉस्फेट बफर सोडून रक्त धुवून काढा. नाहीतर रक्तातल्याच पांढऱ्या पेशी ऊतीतल्या म्हणून मोजल्या जातात. टेंडनभोवतीचं सैल आवरण ठेवलं की काढलं ते दर नमुन्याला सारखंच हवं आणि वहीत लिहिलेलं हवं, कारण निम्मे मॅक्रोफेज तिथेच असू शकतात. १ मिलिमीटरचे तुकडे करा, कोलॅजिनेजमध्ये ३७ अंशांवर हलवत ठेवा, ३० ते ६० मिनिटं, आणि दर १५ मिनिटांनी बघा. विरघळलं की थंड, सिरम असलेल्या बफरने थांबवा, ७० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा. मग एफसी ग्राही झाकणारं प्रतिद्रव्य १० मिनिटं, मृत पेशींचा रंग, आणि नंतरच बाकीची प्रतिद्रव्यं.

काय बिघडतं? डिस्पेज वापरलं तर सीडी-४ सारख्या पृष्ठभागावरच्या खुणा कापल्या जातात आणि टी पेशी 'गायब' होतात. जास्त वेळ पचवलं तर मॅक्रोफेजही चेततात आणि जखमेतला नसलेला एम-१ दिसू लागतो. कोलॅजन स्वतःच चमकतं, त्यामुळे हिरव्या वाहिनीत खोटी रोषणाई येते. म्हणून प्रत्येक रंगासाठी एक रंग वगळलेला नियंत्रण नमुना हवाच. माऊसच्या निरोगी टेंडनमधून पेशी इतक्या कमी मिळतात की ३–४ टेंडन एकत्र करावे लागतात. तसं केलं तर तो एक नमुना, चार नव्हे. हे संख्याशास्त्रात विसरलं जातं.

काचपट्टीवर: उकळत्या बफरमध्ये खुणा उघडायला गेलात तर कोलॅजनचा छेद आकसून पट्टीवरून सुटतो. भारित पट्टी वापरा आणि ६० अंशांवर रात्रभर ठेवा. सीडी-६८ फक्त मॅक्रोफेजवरच असतं असं समजू नका, चेतलेल्या तंतुपेशीही रंगतात. आणि माणसाच्या ऊतीत आर्जिनेज-१ ने एम-२ शोधू नका, ती खूण माऊसची. माणसासाठी सीडी-१६३ आणि सीडी-२०६ एकत्र बघा.

---

ओलीपट्टी

प्रयोगशाळेचं डोक्यावरून गेलं, पण छान. शेवटचा प्रश्न. टेंडन आयुष्यभर नवा होत असतो ना? मग व्रण कधीतरी निघून जायला हवा.

---

तंतुवाद

तसं होत नाही. १९५५ ते १९६३ दरम्यानच्या अणुचाचण्यांमुळे हवेत कार्बन-१४ वाढला होता. तो ऊतीत किती अडकला यावरून ऊती कधी घडली ते काढता येतं. २०१३ मध्ये अकिलीसच्या गाभ्याबाबत हे केलं, तेव्हा दिसलं की गाभा साधारण १७ व्या वर्षापर्यंत घडतो आणि नंतर जवळपास बदलत नाही. त्याच माणसांचा स्नायू मात्र सतत नवा होत होता.

म्हणजे गाभ्यात मॅक्रोफेजना एरवी फारसं कामच नसतं. निरोगी टेंडनमध्येही मॅक्रोफेजसारखं वागणाऱ्या, सीएक्स-३-सीआर-१ ही खूण असलेल्या काही पेशी सापडल्या आहेत आणि त्यांना 'टेनोफेज' म्हटलं गेलं आहे. पण त्या राखणदार आहेत, जुना दोर उसवून नवा विणत बसणारे कारागीर नव्हेत.

---

रसायनी

दोन गोष्टी राहिल्या. सिप्रोफ्लोक्सॅसिन, लेव्होफ्लोक्सॅसिन या गटातल्या प्रतिजैविकांनी टेंडन तुटू शकतो. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यावर चौकटीतला इशारा टाकला. वय ६० च्या वर आणि सोबत स्टेरॉइड असेल तर धोका जास्त. यात मुख्य बिघाड टेंडनच्या पेशीत होतो, कोलॅजन बनणं घटतं आणि एमएमपी वाढतं. म्हणून दाहाच्या गोळीने तो टळत नाही. औषध घेताना अकिलीस दुखू लागला तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगून दुसरं प्रतिजैविक मागा, आणि तोवर त्या पायावर उड्या मारणं, पळणं बंद.

दुसरं, मधुमेह. साखर जास्त राहिली की कोलॅजनचे तंतू साखरेच्या बंधांनी एकमेकांना जखडले जातात आणि मॅक्रोफेज दाहाच्या अवस्थेतून लवकर बाहेर पडत नाहीत. अशा रुग्णाच्या टेंडनचं ऑपरेशन ठरलेलं असेल तर आधी एचबीए-१-सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) बघायला सांगा.

---

म्यानबंद

वरच्या प्रतिसादात दुरुस्ती. 'पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात' असं मोघम लिहिलं. पकड सर्वांत सैल असते ती साधारण ५ ते १० दिवसांत. त्या दिवसांत पट्टी काढून बोट ताकदीने वाकवून बघायचं नाही, ठरवून दिलेली हलकी हालचाल तेवढीच.